हिशेब कुणासाठी लिहायचा?

छोट्या धंद्यात हिशेबाचं सॉफ्टवेअर सहसा कुणी निवडत नाही, ते गळ्यात पडतं. सीएनं सांगितलं म्हणून टॅली येतं, मेव्हण्याच्या दुकानात चालतं म्हणून एखादं ॲप फोनवर उतरतं, कॉम्प्युटर विकणाऱ्यानं ‘सोबत टाकून देतो’ म्हटलं म्हणून तिसरंच काही सुरू होतं. मग मार्चअखेर आला की स्टॉक जुळत नाही, बाकीचा आकडा दुकानदार मान्य करत नाही आणि सगळा दोष सॉफ्टवेअरच्या माथी मारला जातो.

निवड करताना आधी काय बघायचं, यावर दोन मतं आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. ती समोरासमोर यावीत म्हणून हा संवाद रचला आहे. माणसं काल्पनिक, अडचणी खऱ्या. भाची सांगलीत भडंग, चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी करून पाकीटबंद विकते. एकटीच्या मालकीचा धंदा, वर्षाची उलाढाल पाऊण कोटीच्या घरात, माल मिरजेपासून बेळगावपर्यंत जातो. मामांची हयात गणपती पेठेतल्या घाऊक किराणा दुकानांत दिवाणजी म्हणून गेली. आधी वहीवर हात बसला, पुढे टॅलीवर. आता ते आठवड्यातून तीन दिवस भाचीच्या कारखान्यात येऊन हिशेब बघतात. जुनं बिलिंग बंद करून नवं काय घ्यायचं, यावरून विषय निघाला.

मामा : माझं ऐकशील तर टॅली घे आणि मोकळी हो. सांगलीत बी.कॉम. झालेला कुठलाही पोरगा उभा कर, त्याला टॅली येतं. तुझ्या सीएकडं तेच चालतं. उद्या मी आजारी पडलो तर दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीत दुसरा माणूस बसेल आणि काम पुढं चालू राहील. सॉफ्टवेअर चांगलं आहे का हे नंतर बघ, ते चालवणारा माणूस गावात मिळतो का ते आधी बघ.

भाची : मामा, तो माणूस बसणार कुठं? इथं, ऑफिसात. आणि माझं बिल होतं कुठं? टेम्पोत. पोरगा सकाळी माल भरून लाइनला जातो, मिरज, मालगाव, बेडग करून संध्याकाळी येतो. दुकानदाराच्या हातात कच्ची चिठ्ठी. ती चिठ्ठी तुम्ही येता त्या दिवशी बिल होते. म्हणजे सोमवारी कुणी किती उधार घेतलं, हे मला बुधवारी कळतं. तोवर मंगळवारी त्याच दुकानदाराला पुन्हा माल गेलेला असतो. मला फोनवर बिल होणारं हवं. तिथल्या तिथं बिल, तिथल्या तिथं स्टॉक कमी, बाकी लगेच समोर.

मामा : तू म्हणतेस ते बिलिंग झालं. बिल फाडणं म्हणजे हिशेब लिहिणं नव्हे. रोजमेळ वेगळा आणि खतावणी वेगळी. रोजमेळात आलं-गेलं कळतं, खतावणीत कुणाकडं काय राहिलं ते कळतं. मग तेरीज जुळवायची, मग ताळेबंद. पॅकिंग मशिनच्या कर्जाचा हप्ता गेला, त्यातलं मुद्दल किती, व्याज किती? मशिनचा घसारा? जागेची अनामत? फोनवरच्या बऱ्याच ॲपांत हप्ता सरळ ‘खर्च’ म्हणून पडतो. मग नफा कमी दिसतो आणि कर्ज आहे तेवढंच दिसतं.

भाची : बरोबर. पण हप्ता महिन्यातून एकदा जातो, घसारा वर्षातून एकदा. बिलं रोज पन्नास-साठ होतात. वर्षातून एकदा लागणाऱ्या एन्ट्रीसाठी मी रोजच्या साठ बिलांची गैरसोय का करून घेऊ?

मामा : कारण त्या एकदाच्या एन्ट्रीवर बँक तुला कर्ज देते आणि कर खातं तुला प्रश्न विचारतं. हिशेब दुसऱ्यासमोर उभा राहिला पाहिजे.

भाची : आणि मला पहिल्यांदा माझ्यासमोर उभा राहायला हवा. तुम्ही टॅलीचं नाव घेता म्हणून विचारते, ते निघालं कशातून? श्यामसुंदर गोएंकांचा बेंगळुरूत कारखान्यांना कच्चा माल आणि सुटे भाग पुरवण्याचा धंदा होता. स्वतःचा हिशेब ठेवायला त्यांना मनासारखं काही मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला, भरत गोएंकांना, ते तयार करायला लावलं. 1986 मध्ये त्यातून कंपनी उभी राहिली. जीएसटी आला 2017 मध्ये. म्हणजे मालकाला धंदा कळावा म्हणून निघालेली वस्तू आज आपण रिटर्न भरायचं यंत्र म्हणून वापरतोय.

मामा : हे मान्य. पेठेतले जुने शेटजीही रात्री दुकान बंद करायच्या आधी शिल्लक मिळवायचे ते सरकारसाठी नव्हे. गल्ल्यातली रोकड आणि रोजमेळाची शिल्लक जुळल्याशिवाय दिवाणजीला घरी सोडत नसत. पण मालकाला कळावं म्हणून लिहिलेला हिशेब कच्चा असून चालतो, असा अर्थ तू त्यातून काढू नकोस.

भाची : कच्चा कोण म्हणतंय? वेळेवर हवा, एवढंच म्हणते.

मामा : मग परीक्षा घेऊ. तुझ्या धंद्यातल्या चार अवघड गोष्टी काढतो. तुझ्या फोनवरच्या ॲपला त्या जमल्या तर मी हरलो.

सॉफ्टवेअर दाखवायला येणारा माणूस नेहमी सोपं बिल करून दाखवतो. एक गिऱ्हाईक, दोन वस्तू, एक दर, छापा. त्यात सगळीच सॉफ्टवेअरं पास होतात. मामांनी परीक्षेला धंद्यातले अडलेले दिवस काढले.

मामा : पहिली गोष्ट. 22 सप्टेंबर 2025 ला पाकीटबंद चिवडा-फरसाणावरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. समज, 10 सप्टेंबरला एका दुकानदाराला हजार रुपयांचा चिवडा गेला. वर 120 रुपये कर, बिल 1,120 चं. ऑक्टोबरमध्ये त्यातला दोनशेचा माल परत आला. क्रेडिट नोट कितीची करशील?

भाची : दोनशे अधिक पाच टक्के, 210.

मामा : चुकलीस. माल ज्या बिलात गेला त्या बिलाचा दर लागतो. दोनशे अधिक 24, म्हणजे 224. तू 210 ची नोट केलीस तर दुकानदाराच्या वहीत आणि तुझ्या वहीत 14 रुपयांचा फरक राहिला. अशी तीस दुकानं धर. दिवाळीनंतर वसुलीला गेल्यावर प्रत्येक जण म्हणेल, ‘ताई, तुमची बाकी चुकीची आहे.’

भाची : दर बदलला तेव्हा आपल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मी वस्तूच्या नावापुढचे 12 खोडून 5 केले होते.

मामा : आणि त्यानंतर ऑगस्टचं बिल पुन्हा छापलं तर ते पाच टक्क्यांनी छापून आलं असतं! दराला तारीख चिकटलेली पाहिजे : अमुक तारखेपर्यंत हा दर, पुढं तो. आणि क्रेडिट नोट करताना मूळ बिलाचा नंबर मागितला पाहिजे. ही सोय आहे का, ते पैसे देण्याआधी बघायचं. वर, परत आलेला माल शिळा झाला म्हणून टाकून दिलास तर त्याच्या कच्च्या मालावर घेतलेलं क्रेडिटही सोडावं लागतं. म्हणून ‘परत आला, विकण्याजोगा’ आणि ‘परत आला, टाकला’ हे स्टॉकमध्ये वेगळं दिसायला हवं.

भाची : ठीक, ही गोष्ट मला माहीत नव्हती. दुसरी?

मामा : बारावर एक फ्री.

भाची : ही तर रोजची डोकेदुखी! चाळीस रुपयांचा पुडा, बारा पुड्यांचे 480, तेरावा फुकट. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नगाचा रकाना एकच आहे. पोरगा बारा लिहितो तर गोदामात एक पुडा कमी भरतो. तेरा लिहितो तर दर 36 रुपये 92 पैसे पडतो आणि दुकानदार म्हणतो, ‘हा कुठला भाव काढला?’

मामा : टॅलीत दोन रकाने करता येतात : दिलेला माल तेरा, बिलाचा माल बारा. स्टॉक तेरानं कमी होतो, पैसे बाराचे लागतात. तुझ्या ॲपमध्ये?

भाची : मी बघितलेल्यांपैकी एकात फ्री नगाचा वेगळा रकाना आहे, दुसऱ्यात नाही. ज्यात नाही ते यादीतून काढलं. आता माझी एक गोष्ट घ्या. दुकानदाराकडं तीन बिलं बाकी आहेत, 1,860 चं, 2,340 चं आणि 2,150 चं. एकूण 6,350. पोरगा गेला की तो गोल पाच हजार हातावर ठेवतो. तुम्ही ते कुठं जमा करता?

मामा : पहिल्या दोन बिलांना 4,200, राहिलेले 800 तिसऱ्याला. तिसऱ्यात 1,350 बाकी.

भाची : पण तुम्हाला चिठ्ठीवर नुसतं ‘5,000 जमा’ दिसतं. बुधवारी घाईत तुम्ही ते खात्यावर ठोक जमा करता, बिलनिशी लावत नाही. मग कुठलं बिल किती दिवसांचं झालं, हे मला कुणीच सांगू शकत नाही. तेच पोरानं दुकानदारासमोर, कुठल्या बिलाचे पैसे हे विचारून फोनवर टाकलं तर वाद तिथंच मिटतो. यात टॅली कमी पडत नाही, मामा. पैसे घेणारा एक आणि एन्ट्री करणारा दुसरा, तिथं माहिती गळते.

मामा : हं. हे मला पटतं. बिलनिशी जमा करायचा माझा कंटाळा, हेही खरं. आणि त्याची गरज आता वाढली आहे. तू सूक्ष्म उद्योग म्हणून उद्यम नोंदणी केली आहेस आणि माल स्वतः बनवतेस. तुझ्याकडून घेणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकानं तुझे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत द्यायचे असतात. मुदत टळली तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्याला तो खर्च आयकरात धरता येत नाही. 2023-24 या आर्थिक वर्षापासून हा नियम आहे. त्या सुपरमार्केटवाल्याला तू हे सांगू शकतेस, पण कधी? बिलाला किती दिवस झाले हे तुझ्यासमोर असेल तेव्हा.

भाची : म्हणजे वसुलीची यादी दिवसानुसार हवी : तीस दिवसांच्या आतलं, तीस ते पंचेचाळीस, त्यापुढचं. आणि बिलावर उद्यम नंबर छापून यायला हवा.

मामा : आता बिलाच्या नंबरावर ये. दोन पोरं, दोन टेम्पो. बेडगच्या पुढं रेंज नाही. दोघांच्या फोननं बिल नंबर 147 फाडला. मग?

भाची : रेंज आली की ॲप एकाचा नंबर बदलेल.

मामा : आणि दुकानदाराच्या हातातल्या कागदावर 147 च राहील! एका आर्थिक वर्षात एका मालिकेतला नंबर दुसऱ्यांदा येता कामा नये आणि नंबर ओळीनं आले पाहिजेत. अक्षरं, आकडे, रेघा धरून सोळा चिन्हांच्या आत. प्रत्येक फोनला वेगळी मालिका देता आली पाहिजे. एकाला ‘अ/25-26/0147’, दुसऱ्याला ‘ब/25-26/0147’. कायद्याला दोन मालिका चालतात, एकच नंबर दोनदा चालत नाही.

भाची : हे लिहून घेते. आणि बेळगावचं बिल?

मामा : तो नंबर एकचा मुद्दा आहे. एक टक्का भरून मोकळं व्हायची कंपोझिशनची वाट तुला बेळगावमुळंच बंद आहे, कारण त्या योजनेत राज्याबाहेर माल विकता येत नाही. त्यामुळं आपलं सगळं नेहमीच्या पद्धतीनं. पार्टीचा जीएसटी नंबर 27 नं सुरू झाला तर महाराष्ट्र, केंद्राचा आणि राज्याचा कर निम्मा-निम्मा. 29 नं सुरू झाला तर कर्नाटक, पूर्ण आयजीएसटी. सॉफ्टवेअरनं हे नंबरावरून ओळखावं, पोराच्या आठवणीवर सोडू नये.

भाची : एवढं तर आता बहुतेकांत असतं. झोहो बुक्स, बिझी, व्यापार, सगळ्यांत जीएसटीचा पाया आहे. खरेदीचं विचारा. पाकिटाची फिल्म घेतो त्यावर 18 टक्के कर जातो. पुरवठादारानं ते बिल त्याच्या रिटर्नमध्ये दाखवलं नाही तर आपल्या 2बीमध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या आपल्या खरेदीच्या यादीत, येत नाही आणि क्रेडिट अडकतं. हे तुम्ही प्रिंट काढून, पेनानं टिका करत जुळवता.

मामा : टिका केल्या की डोळ्याखालून जातं.

भाची : जातं, पण त्यात अर्धा दिवस जातो आणि तोवर पुरवठादाराचे पैसे दिलेले असतात. पैसे द्यायच्या आधी कळलं तर मी त्याला फोन करून सांगू शकते, ‘आधी बिल चढवा, मग चेक घ्या.’ पोर्टलवरची फाइल उचलून खरेदीशी जुळवून देणारं सॉफ्टवेअर हवं. टॅली असो की दुसरं कुठलं.

इथवर दोघांचं भांडण बरंचसं सोयींच्या यादीवर आलं होतं. यादी जुळते, कारण सोयी मोजता येतात. खरा मतभेद हिशेबाची फाइल कुठं असावी यावर होता.

मामा : माझा मुख्य आक्षेप सांगतो. तुझ्या त्या ढगातल्या सॉफ्टवेअरमध्ये हिशेब दुसऱ्याच्या घरी राहतो. टॅलीत तो आपल्या कॉम्प्युटरवर, आपल्या कपाटात.

भाची : 2019 च्या ऑगस्टमध्ये ते कपाट कुठं होतं मामा?

मामा : पाण्यात. गणपती पेठेत दुकानं बुडाली, वह्यांचा लगदा झाला, कॉम्प्युटर गेले. 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी. पण तेव्हा वीजही नव्हती नि फोनही धड लागत नव्हते. तुझा ढग तरी काय कामाचा होता?

भाची : त्या आठवड्यात नसेलही. पाणी ओसरल्यावर कामाचा होता. विमेवाला विचारतो, पुराच्या आदल्या दिवशी गोदामात किती माल होता, कागद दाखवा. ज्याचा कागद भिजला त्यानं काय दाखवायचं? आणि कुणाकडून किती येणं आहे, हे दुकानदारांच्या आठवणीवर सोडायचं?

मामा : त्याला उत्तर बॅकअप आहे. रोज रात्री पेन ड्राइव्ह, आणि तो विश्रामबागेतल्या घरी न्यायचा.

भाची : नेता? रोज?

मामा : ...जमेल तसा.

भाची : आणि तो उघडून बघितलाय कधी? दुसऱ्या कॉम्प्युटरवर चढवून, आकडे येतात का ते?

मामा : नाही. ते करायला पाहिजे. बॅकअप घेतला याला काही अर्थ नाही, तो चढवून उघडला तरच तो बॅकअप. पण तूही माझं ऐक. तुझ्या सॉफ्टवेअरचं भाडं दरवर्षी द्यायचं. एखाद्या वर्षी दिलं नाहीस किंवा कंपनीनंच गाशा गुंडाळला तर? क्विकबुक्स एवढं जगभर पसरलेलं, अमेरिकेच्या इंट्युइटचं, तरी 2023 च्या सुरुवातीला त्यांनी भारतातली सेवा बंद केली. ज्यांचे हिशेब त्यात होते त्यांना ठरल्या मुदतीत ते उचलून दुसरीकडं न्यावे लागले. आणि जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने ठेवायचे असतात. सहा वर्षांनी अधिकाऱ्यानं नोटीस पाठवली तर तू त्याला ‘ॲप बंद पडलं’ असं सांगणार?

भाची : हा मुद्दा मला लागला. म्हणजे आत शिरायच्या आधी बाहेर पडायचा दरवाजा बघायचा. नुसतं बिलांचं पीडीएफ निघून चालणार नाही. प्रत्येक व्हाउचर, प्रत्येक खातं, बिलनिशी बाकी, स्टॉक, सगळं एक्सेलमध्ये किंवा दुसरं सॉफ्टवेअर वाचेल अशा फाइलमध्ये काढता आलं पाहिजे.

मामा : आणि दर महिन्याला ते काढून ठेवायचं. भाडं थकल्यावर निदान बघण्यापुरतं खातं उघडतं का, हेही लेखी विचार.

भाची : मग मुंबईच्या फ्रॅपेनं केलेलं ईआरपीनेक्स्ट का नको? त्याचा कोडच उघडा आहे, कंपनी गेली तरी सॉफ्टवेअर आपल्याकडं राहतं. त्यात एक किलो भडंगाला किती चुरमुरे, किती तेल, किती शेंगदाणे हेही बसवता येतं.

मामा : कोड उघडा असून काय करायचं, उघडून बघणारा कुठंय आपल्याकडं? सर्व्हर कोण सांभाळणार? पन्नास माणसांचा कारखाना झाला की बघू. छोट्या धंद्यानं आपल्या आवाक्याबाहेरचं घेतलं की त्यातलं एक बिलिंग तेवढं वापरलं जातं आणि बाकीचं धूळ खातं.

भाची : आता माझा मुख्य आक्षेप. आपल्या कॉम्प्युटरवर हिशेब ठेवला की त्याच्यात कुणीही मागच्या तारखेला जाऊन आकडा बदलतो. कुणी बदलला, कधी बदलला, पत्ता लागत नाही.

मामा : यात मी तुझ्यापेक्षा कडक आहे. बांधीव वही होती तेव्हा पानं नंबर घातलेली असायची. पान फाडलं तर कळायचं. आकडा चुकला तर त्यावर एक रेघ, वर नवा आकडा, बाजूला सही. जुना आकडा वाचता यायला हवा, हा दंडक होता. कॉम्प्युटर आला नि ही शिस्त गेली. आता सरकारनं 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांना सक्ती केली आहे, हिशेबाच्या सॉफ्टवेअरनं प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवली पाहिजे आणि ती नोंद बंद करता येता कामा नये.

भाची : आपल्याला ते लागू नाही. आपली एकटीची मालकी.

मामा : लागू नाही, पण उद्या प्रायव्हेट लिमिटेड केलीस तर त्या दिवसापासून लागू. आणि सक्ती नसली तरी तू घ्यावंस. दोन पोरं फोनवर बिल फाडणार, रोख घेणार. रात्री कुणी बिल रद्द केलं आणि पैसे खिशात घातले, तर ती नोंद असेल तेव्हाच कळेल. प्रत्येकाला वेगळं लॉगिन दे. बिल करता येईल, रद्द करता येणार नाही. रद्द तू करायचं. आणि मालकीचं मुख्य खातं तुझ्या फोन नंबरावर नि तुझ्या ईमेलवर. माझ्याही नव्हे, सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्याच्या तर मुळीच नव्हे.

भाची : ठीक. मग हे सगळं एका ठिकाणी जमवणारं, ऑनलाइन चालणारं, एकच सॉफ्टवेअर घेऊ. तुम्ही तेच शिका.

मामा : शिकेन, पण सीए काय करणार? मार्चला तो फाइल टॅलीत मागणार.

भाची : सीए वर्षातून एकदा येतो, मामा. त्याच्यासाठी मी बाकीचे दिवस का अडवून ठेवायचे? त्याला आपण ताळेबंद, खाती आणि बँकेची जुळणी देऊ, त्यानं ती वाचावी.

मामा : फुकट नाही वाचणार. त्याला पुन्हा सगळं घालावं लागलं तर तुझं बिल वाढेल. हा खर्च सॉफ्टवेअरच्या किमतीत धर. धंदेवाला परवान्याची किंमत बघतो आणि शिकवणीचा, जुन्या बाक्या चढवण्याचा, सीएच्या जादा कामाचा खर्च विसरतो. मी तर म्हणतो, फोनवर बिलं कर आणि रोज रात्री ती टॅलीत ओढ.

भाची : म्हणजे दोन ठिकाणी हिशेब. एकीकडं बिल दुरुस्त झालं आणि दुसरीकडं राहिलं की खरं कुठलं धरायचं?

मामा : फोनवरचं बिल फोनवरच दुरुस्त व्हायचं. टॅलीत त्याला मी हात लावायचा नाही. माल एकाच दिशेनं जायचा.

यावर दोघांचं एकमत झालं नाही. भाचीला एकच घर हवं होतं, मामांना दोन घरं आणि मध्ये एकेरी रस्ता. धंदा वाढला, दुकानदार वाढले, तर भाचीचं म्हणणं बरोबर ठरेल. उद्या सीए बदलला, कंपनीनं भाडं दुप्पट केलं, तर मामांचं. आज बसून हे ठरवता येत नाही, म्हणून मग त्यांनी वाद थांबवून काम वाटून घेतलं.

भाची : असं करू. पैसे कुणालाच द्यायचे नाहीत. बहुतेक जण काही दिवस फुकट वापरायला देतात. माझं एक ऑनलाइन आणि तुमचं टॅली, दोन्हींत आपल्याच धंद्यातल्या आठ गोष्टी घालून बघायच्या. जुन्या दराचा परतीचा माल, बारावर एक फ्री, बेळगावचं बिल, गोल पाच हजारांची जमा, मशिनचा हप्ता, 2बीत न आलेली फिल्मची खरेदी, रेंज नसताना दोन फोन आणि शेवटी सगळा हिशेब बाहेर काढून दुसरीकडं उघडणं.

मामा : घालायचं कुणी?

भाची : पहिल्या चार आणि सातवी, लाइनवरच्या पोरानं. मी नाही, तुम्ही नाही. त्याला जमलं तरच जमलं. हप्ता, खरेदी आणि शेवटचं तुम्ही.

मामा : हे बरोबर. आणि मराठीत वस्तूंची नावं दिसतात का, ते त्यालाच विचार. ‘भडंग’ इंग्रजीत लिहिलं की त्याचे तीन स्पेलिंग होतात आणि स्टॉकमध्ये तीन माल तयार होतात.

भाची : दोन्ही पास झाले तर?

मामा : तर तुझं घे. दोन्ही नापास झाले तर सध्याचंच चालू ठेवू, पण बिलनिशी जमा मी आजपासून करतो. सुरुवात 1 एप्रिललाच. वर्षाच्या मध्ये बदललं की अर्धा हिशेब इथं, अर्धा तिथं, आणि ताळेबंदाच्या वेळी दोन्हींची गोळाबेरीज करत बसावं लागतं. त्याआधी मार्चमध्ये प्रत्येक दुकानदाराकडून बाकीवर सही आणायची. चुकीची बाकी नव्या सॉफ्टवेअरमध्ये घातली तर ती तिथंही चुकीचीच राहते, फक्त छापून छान येते.

भाची : सह्या मी आणते. आणि एक ठरवून टाकू. महिना संपला की एका तारखेला तो महिना बंद. त्यानंतर त्यातलं एकही बिल कुणी उघडायचं नाही. तुम्हीही नाही, मीही नाही. चूक सापडली तर चालू महिन्यात क्रेडिट नोट.

मामा : तारीख?

भाची : बारा. आपण तिमाही रिटर्न भरतो, नोंदणी असलेल्या पार्ट्यांची बिलं मधल्या महिन्यांत 13 तारखेपर्यंत चढवता येतात.

मामा : आदल्या दिवशी बंद करून चालतंय होय? बारा तारखेला पोर्टल हळू चालतं, पोरगा सुट्टीवर असतो, बँकेचा उतारा आलेला नसतो. सात.

भाची : सातपर्यंत फिल्मवाल्याचं बिल येत नाही मामा. नऊ.

मामा : नऊ. पण लाइनवरची रोकड रोजच्या रोज, त्याला महिनाअखेर नाही.